हॅझलिंगचा हात

"आता डोळे मीट, आणि मी सांगेपर्यंत उघडू नकोस," मिस केरिज म्हणाल्या आणि माझं कोपर धरून मला चर्चच्या उत्तरेकडच्या भिंतीकडे नेऊ लागल्या. बाई सत्तरीच्या, मी अडतीस वर्षांची, दोन मुलांची आई, आणि आंधळी कोशिंबीर खेळावी तशी डोळे मिटून चालले होते. खालची फरशी म्हणजे सगळी जुन्या माणसांची थडगी. कोणाच्या नावावर आपला पाय पडतोय तेही कळत नव्हतं. ऑक्टोबर महिना होता आणि बाहेरच्यापेक्षा आत जास्त गारठा होता.

"उघड."

माझ्या छातीच्या उंचीवर, भिंतीत, हातभर लांबीचा एक उभा दगड बसवलेला होता. वर्षानुवर्षं भिंतीबरोबर त्यालाही चुना फासलेला, त्यामुळे त्याच्यावरचं कोरीव काम बोथट झालं होतं. तरी दिसत होतं. कोपरात वाकलेला एक हात, उघडा पंजा वर केलेला. मनगटापासून खाली एकाला एक लागून आडव्या रेघा. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये काहीतरी वाटोळं. वरच्या दोन कोपऱ्यांत सूर्य आणि चंद्राची कोर.

माझे हात आपोआप जोडले गेले. तेवढ्यावर भागलं नाही. मी उजव्या हाताची बोटं दगडाच्या पायथ्याला लावली आणि कपाळाला टेकवली. शिंक यावी तसं ते झालं, ठरवून काही नाही.

मिस केरिज माझ्याकडे बघत होत्या. त्यांचे डोळे पाण्याने भरले होते. दोन वर्षांत मी त्यांना कधी असं बघितलं नव्हतं. त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "काय दिसलं तुला, मॉल्टी?"

माझं नाव मालती. पण बाईंच्या तोंडात ते शेवटपर्यंत मॉल्टीच राहिलं.

"फार सुंदर आहे," मी म्हणाले.

मिस एनिड केरिज आमच्या ह्यांच्या पेशंट. हे डॉक्टर, एक्क्याऐंशी साली आम्ही इंग्लंडच्या पूर्वेला सफोकमध्ये राहायला आलो. सफोक ही काउंटी, आपल्या भाषेत जिल्हा म्हणा. सगळा सपाट मुलूख, बार्लीची शेतं आणि दर दोन मैलांवर एक जुनं चर्च. मुलं शाळेत गेली की मी खिडकीत बसून त्या शेतांकडे बघायची. रस्त्याने येणारेजाणारे हवेबद्दल एक वाक्य बोलायचे आणि पुढे जायचे. हे एकदा गुडघ्यासाठी आलेल्या बाईंपुढे बोलून गेले की आमच्या मंडळींना इथं करमत नाही. पुढच्या गुरुवारी दहाच्या ठोक्याला एक जुनी हिरवी मॉरिस गाडी आमच्या दाराशी उभी राहिली.

त्या गाडीतून आम्ही पुढची तीन वर्षं दर गुरुवारी हिंडलो. जिल्ह्यात पाचशेच्या वर जुनी चर्च आहेत. त्यांतली एकशे सत्तावन्न मी बाईंबरोबर बघितली. किल्ली शेजारच्या घरात असायची. ती मागायची, मोठं दार ढकलायचं आणि आत शिरल्याबरोबर आधी वर बघायचं, हा बाईंचा नियम. वर लाकडी छताला पंख पसरलेले देवदूत असायचे, आणि धर्माच्या भांडणात तीनशे वर्षांपूर्वी त्यांची तोंडं फोडून टाकलेली असायची. बाई सांगायच्या, मी ऐकायची. ह्या मुलखात बांधायला दगड नाही. शेतात सापडणाऱ्या गारगोट्या चुन्यात बसवून हे मनोरे उभे केले आहेत. त्यामुळे मोठा एकसंध दगड दिसला की तो कोणीतरी बाहेरून आणला आहे असं समजायचं. कुठून, कोणी, का, हे शोधायचं. थडग्यावरचं नाव मनात वाचायचं नाही, मोठ्याने वाचायचं. ज्याचं नाव वाचायला कोणी उरलेलं नाही, त्याचं तेवढंच करता येतं, असं त्या म्हणायच्या.

माझ्या मनात मी त्यांना बाईच म्हणायची, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं. त्या प्राथमिक शाळेत छत्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. वडील हॅझलिंगच्या चर्चमध्ये झाडलोट करायचे, घंटा वाजवायचे, थडगी खणायचे. कॉलेजचं तोंड बाईंनी बघितलं नव्हतं. जिल्ह्याच्या इतिहास मंडळात मात्र सगळे विद्यापीठात शिकलेले. ते बाईंना चहाच्या वेळी खुर्च्या मांडायला सांगत, आणि बाई वीस वर्षं खुर्च्या मांडत आल्या होत्या.

पण हॅझलिंगच्या त्या दगडावर बाईंनी अकरा वर्षं घालवली होती. सगळे समजत होते की हॅझलिंगचं चर्च तेराव्या शतकातलं. बाईंचं म्हणणं, नाही, ते तीनशे वर्षांनी अधिक जुनं आहे आणि हा दगड त्याचा पुरावा. तो हात म्हणजे ढगांतून खाली येणारा देवाचा हात, पुढे कोणीतरी उलटा बसवलेला. आडव्या रेघा म्हणजे पाद्र्याच्या झग्याची बाही. बोटांतलं वाटोळं म्हणजे प्रसादाची भाकरी. सूर्य आणि चंद्र तर त्या काळातल्या क्रुसाच्या दोन्ही बाजूंना असतातच. एके ठिकाणी चुन्याचा पोपडा निघून खालचा काळाभोर दगड दिसत होता. तो बेल्जियमहून जहाजाने आणलेला, कारण तिकडचा काळा दगड ह्या किनाऱ्यावर पूर्वी येत असे. परतीच्या वाटेवर बाई गाडी चालवता चालवता हे सगळं मला सांगत होत्या, आणि मी मान डोलवत होते.

त्या संध्याकाळी जेवताना मी ह्यांना म्हणाले, "अहो, हॅझलिंगच्या चर्चमध्ये सतीचा दगड आहे."

ह्यांचा घास हातातच राहिला. "सतीचा? आपल्याकडं असतो तसा?"

"तस्सा. कोपरापर्यंत बांगड्या, हातात लिंबू, चंद्रसूर्य. आमच्या गावात नदीच्या वाटेवर आहे, त्याचा जुळा भाऊ म्हणा."

आमचं गाव कऱ्हाडच्या खाली, कृष्णाकाठी. नदीच्या वाटेवर तसे दोन दगड होते. धुण्याला जाताना आई म्हणायची, सतीला हात जोड. मी जोडायची. नवऱ्याच्या चितेवर बसलेल्या बाईचा तो हात, अखंड सौभाग्याच्या बांगड्यांसकट. लहानपणी ते काही डोक्यात आलं नाही. कळायला लागल्यावर अंगावर काटा आला, पण हात जोडायची सवय काही गेली नाही.

मी ह्यांना बाईंचं सगळं म्हणणं सांगितलं. हे पोट धरून हसले आणि मग हसायचे थांबले. "सांगितलंस ना त्यांना?"

"कसं सांगू? अकरा वर्षं घालवलीत त्यांनी. माझ्या वयाच्या दुप्पट बाई, मला गाडीत घालून गावभर हिंडवते, आणि मी तोंडावर सांगू की तुमचं सगळं चुकलं?"

"आत्ता सांगितलंस तर एकट्या बाईंना कळेल. नंतर कळलं तर सगळ्यांना कळेल. भीड भिकेची बहीण, मालती. उद्याच फोन कर."

मी फोन केला नाही. पुढच्या गुरुवारी सांगेन म्हटलं. गुरुवारी बाईंनी माझ्यासाठी आल्याचा केक करून आणला होता. त्याच्या पुढच्या गुरुवारी पाऊस होता. एकदा मी खरंच सुरुवात केली, "मिस केरिज, तो हॅझलिंगचा हात, मला वाटतं," आणि त्या म्हणाल्या, "थांब, हे वळण अवघड आहे." वळण गेलं आणि मी दुसरंच काहीतरी बोलले. असे गुरुवारामागून गुरुवार गेले, दीड वर्ष गेलं. इंग्रजीत भिडेला शब्द नाही अशी मी स्वतःची समजूत घातली होती. हे मधूनमधून विचारायचे, मी म्हणायची, बघू. मग ह्यांनी विचारायचं सोडून दिलं.

पंच्याऐंशीच्या जानेवारीत बाई दारातून आत येतानाच लालबुंद झाल्या होत्या. मंडळाने त्यांना वार्षिक व्याख्यानाला बोलावलं होतं. वीस वर्षांत पहिल्यांदा. विषय, हॅझलिंगचा हात. नंतर ते व्याख्यान मंडळाच्या अंकात छापलं जाणार होतं. बाईंनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाल्या, "तू पहिल्या रांगेत बसायचंस. मला तू लागशील."

सांगायचं असतं तर ते त्या दिवशी. अजून तीन महिने हातात होते. मी म्हणाले, "अभिनंदन," आणि चहाचं आधण ठेवायला आत गेले.

एप्रिलमधला शनिवार, दुपारी तीन वाजता. सभागृहात शंभर-सव्वाशे माणसं होती. बाईंनी निळा सूट शिवून घेतला होता. मी रेशमी साडी नेसले होते, कारण त्यांनी मुद्दाम सांगितलं होतं. पडद्यावर एकेक चित्र येत होतं आणि बाई छान बोलत होत्या, खरंच छान. चहाला खुर्च्या मांडायला सांगणारे ते सगळे मान हलवत होते. बाही, भाकरी, सूर्य, चंद्र, बेल्जियमचा दगड. मनात मी म्हणत होते की निभावतंय, आता दहा मिनिटांचा प्रश्न आहे.

मग बाईंनी कागद खाली ठेवला. "शेवटी एक सांगते. हा पुरावा म्हणून नाही. माझी एक हिंदू मैत्रीण आहे. तिला मी ह्या दगडाबद्दल आधी अक्षरही सांगितलं नव्हतं. डोळे मिटायला लावून तिला तिथं नेलं. तिने डोळे उघडले, आणि हात जोडून त्या दगडाला नमस्कार केला. ज्याला पवित्र म्हणतात ते ओळखायला धर्म लागत नाही, हे मी त्या दिवशी शिकले. मॉल्टी, जरा उभी राहा."

मी उभी राहिले. टाळ्या वाजल्या. वाजतच राहिल्या. मी हसले आणि तिथेही, त्या टाळ्यांना, हात जोडले.

प्रश्नांची वेळ आली तेव्हा मागून एक उंच म्हातारा उठला. त्याचं नाव ब्लॉफील्ड. स्वातंत्र्याआधी सोलापूरच्या बाजूला रेल्वेत इंजिनियर होता असं नंतर कळलं. तो अगदी अदबीने म्हणाला, "व्याख्यान उत्तम झालं, पण मला एक शंका आहे. दख्खनमध्ये मी असे दगड डझनांनी पाहिले आहेत. रुळांच्या कडेलाही असायचे. तिकडे त्यांना सतीचे दगड म्हणतात. त्या रेघा बाहीच्या नाहीत, बांगड्यांच्या आहेत. माझं चुकत असेल. पण पुढे ज्या बाई बसल्या आहेत त्या तिकडच्याच दिसतात. त्यांना विचारता येईल."

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "मिसेस बाबर, असं आहे का?"

खोटं बोलायचीही आता सोय नव्हती. "हो," मी म्हणाले.

मग मिस केरिज यांनी विचारलं. माझ्याकडे बघत, वर्गातल्या मुलीला विचारावं तसं, "तुला त्या दिवशीच माहीत होतं?"

"हो."

"म्हणून तू हात जोडलेस."

"हो."

"आभारी आहे," त्या म्हणाल्या. त्यांनी कागद सारखे केले, ब्लॉफील्डचे आभार मानले, चित्रं दाखवणाऱ्याचे मानले, चहा करणाऱ्या बायकांचे मानले. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं आणि ते हसू हळूहळू पुढे आलं. वाईट हसत होते असं नाही. एखादं मूल स्नेहसंमेलनात भाषण विसरलं की मोठी माणसं हसतात, तसं ते होतं. बाई तेव्हाही सरळ उभ्या होत्या.

परत न्यायला त्यांचीच गाडी होती. मला वाटलं होतं, मला तिथेच सोडतील. पण त्यांनी दार उघडून धरलं. वीस मैलांचा रस्ता. वाटेत सात चर्चचे मनोरे दिसतात, आणि दर वेळी बाई त्यांची नावं घ्यायच्या. त्या दिवशी एकाचंही घेतलं नाही. चौथ्या मनोऱ्यानंतर मीच बोलायला लागले. आमच्याकडे मोठ्या माणसाला तोंडावर चूक सांगत नाहीत, म्हणाले. त्याला आमच्यात एक शब्द आहे, तुमच्यात नाही. आदर म्हणा, संकोच म्हणा.

"आदर?" त्या म्हणाल्या. "मी छापलं असतं तर? छापू दिलं असतंस?"

मी खिडकीबाहेर बघायला लागले.

"म्हणजे दिलं असतंस."

"तुम्ही मला कधी काही विचारलंच नाहीत," मी म्हणाले, आणि माझा आवाज एकदम चढला. "तीन वर्षं तुम्ही सांगताय आणि मी ऐकतेय. आमच्याकडे काय आहे, कशी देवळं आहेत, एकदाही विचारलं नाहीत. मी यवतेश्वराच्या देवळाचं सांगायला लागले होते तर तुम्ही म्हणालात, हो हो, पण ही कमान बघ."

बाईंनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली. समोर बघतच म्हणाल्या, "त्याची माफी मागते. पण त्या दिवशी मी विचारलं होतं. काय दिसलं तुला, असं विचारलं होतं."

ते खरं होतं. आणि आता तिथे, त्या थांबलेल्या गाडीत, मला माझंच खरं कळलं. भीड होती, नाही असं नाही. पण नुसत्या भिडेने माणूस दीड वर्ष गप्प बसत नाही. बाई ओळख करून देताना म्हणायच्या, "ही माझी भारतीय मैत्रीण, आता तिला कमानींचे प्रकारसुद्धा ओळखता येतात." माझे उच्चार चारचौघांत सुधारायच्या. त्यांना माहीत नसलेली एकच गोष्ट मला माहीत होती, आणि ती मी खडीसाखरेसारखी जिभेखाली धरून ठेवली होती. त्या बाहीबद्दल आणि भाकरीबद्दल बोलायला लागल्या की मला बरं वाटायचं. हे मी ह्यांनाही कधी सांगितलं नाही.

गाडीतही सांगितलं नाही. बाईंनी मला दारात सोडलं, "मुलांना आठवण सांग," म्हणाल्या, आणि गेल्या. त्यानंतर गुरुवारी ती गाडी आली नाही.

खरं तर गोष्ट इथे संपायला हवी होती. पण जूनमध्ये मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. तुम्ही ह्या दगडावर बोलाल का? जिल्ह्यात सतीचा दगड म्हणजे नवलच आहे, लोकांना ऐकायचं आहे. हे म्हणाले, "नको म्हण. काही लाज?" मी म्हणाले, "मी नाही बोलले तर तो ब्लॉफील्ड बोलेल." आणि हो म्हटलं.

बोलले, आणि चांगलं बोलले. आत शिरताना आधी वर बघायचं इथपासून सगळं मला बाईंनीच शिकवलं होतं. लोक हसावेत म्हणून मी बाही आणि भाकरीचा किस्साही सांगितला. नाव घेतलं नाही, पण तिथं नाव सगळ्यांना माहीतच होतं. मग दुसऱ्या गावाने बोलावलं, मग तिसऱ्या. मला मंडळाच्या समितीवर घेतलं. खुर्च्या मांडायला मला कोणी सांगितलं नाही. बाईंनी तोवर मंडळ सोडलं होतं.

मग मंडळाने ठरवलं की हॅझलिंगच्या चर्चवर एक पुस्तिका काढायची, लेखिका मिसेस मालती बाबर. सोळा पानं. दगड तिथं आला कसा, हे त्यात सांगायला हवं होतं. त्याच चर्चमध्ये मेजर कॉर्डी नावाच्या माणसाची संगमरवरी पाटी आहे. तो साताऱ्याला होता असं तीवर लिहिलेलं आहे. दोन आणि दोन चार. मी नवव्या पानावर लिहून टाकलं की मेजर कॉर्डीने आपल्या मर्दुमकीची खूण म्हणून हा दगड आणला आणि चर्चच्या भिंतीत बसवला. अंदाज होता, पण 'बहुधा' लिहिलं की वाक्य मिळमिळीत वाटत होतं, म्हणून ते काढलं.

छापायच्या आधी कच्चा मजकूर मंडळाच्या रिवाजाप्रमाणे मिस केरिज यांच्याकडे तपासायला गेला. मंडळ सोडलं तरी हॅझलिंगबद्दलचं काहीही त्यांनी बघितल्याशिवाय छापत नसत. मार्चमध्ये तो परत आला. स्वल्पविराम सुधारलेले, एक सन दुरुस्त केलेला, आणि वर पेन्सिलीने लिहिलेलं, "फार छान झालं आहे." मी तो कागद किती वेळ हातात धरून बसले होते. मला वाटलं, बाईंनी माफ केलं.

सत्त्याऐंशीच्या सप्टेंबरात पुस्तिका निघाली. चर्चमध्येच लहानसा समारंभ होता, चहा होता, दगडापुढे कोणीतरी फुलं ठेवली होती. बाई आल्या. वाळल्या होत्या, हातात काठी होती. सगळे मला भेटून गेल्यावर त्या शेवटी आल्या आणि म्हणाल्या, "नवव्या पानावर एक चूक राहिली आहे."

मी पान उघडलं.

"मेजरने हा दगड चर्चमध्ये बसवला नव्हता," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पूर्वीसारखाच होता, सांगण्याचा. "आवारात, उत्तरेच्या बाजूला, एका कबरीवर उभा केला होता. १८३४ मध्ये. त्याच्या घरी मुलांना सांभाळणारी एक बाई होती, साताऱ्याहून बरोबर आणलेली. ती इथं वारली. तिच्या मुलखातलं काहीतरी तिच्या उशाशी असावं म्हणून त्याने हा लावला. तो कसला दगड आहे हे त्याला माहीत नसणार. पुढे चाळीस वर्षांनी एका पाद्र्याने तो उचलून आत आणला, भिंतीत बसवला आणि चुना फासला. त्याचं पत्र आहे. आणि ती बाई दफनाच्या नोंदवहीत आहे. मी इतकी वर्षं हजार वर्षांमागचं शोधत होते, दीडशे वर्षांमागचं वाचलंच नव्हतं."

"नाव आहे तिचं?"

"आहे. मेरी गूंगा. मेरी हे इथं दिलेलं असणार. दुसऱ्याचा उच्चार असाच का, ते मला माहीत नाही."

"गंगा," मी म्हणाले.

"गंगा," बाईंनी म्हणून बघितलं. त्यांना ते नीट जमलं.

मी विचारलं, "तुम्हाला हे कधी कळलं?"

"फेब्रुवारीत."

मजकूर त्यांच्याकडून परत आला होता मार्चमध्ये. त्यांनी तो ओळ न् ओळ वाचला होता, स्वल्पविरामासकट. मी म्हणाले, "मग तेव्हाच सांगितलं का नाहीत?"

मिस केरिज यांनी कोटाचं वरचं बटण लावलं. "सांगणार होते," त्या म्हणाल्या. "पण तू इतकी खूश होतीस. जिवावर आलं."

आणि काठी टेकत त्या दाराकडे गेल्या. नव्वद साली त्या वारल्या. अंत्यविधीला मी गेले होते. मागे उभी राहिले आणि पुढे कोणी बोलावलं नाही.

ती पुस्तिका अजून हॅझलिंगच्या दारातल्या टेबलावर असते. आता चौथी आवृत्ती आहे. लोक बसने येतात, दगडाचे फोटो काढतात, पुस्तिका घेतात. नवव्या पानावर मेजर कॉर्डी आणि त्याची मर्दुमकी आहे. गंगाचं नाव कुठेही नाही. उत्तरेच्या बाजूला गवत आहे आणि तिची जागा नेमकी कुठली हे सांगणारं आता कोणी नाही. एका ओळीचं काम आहे. पण ती ओळ घातली तर हे कोणी शोधलं तेही घालावं लागेल, कधी शोधलं ते घालावं लागेल, आणि मग लोक विचारतील की मिसेस बाबरना हे कधीपासून माहीत होतं.

दर आवृत्तीच्या आधी मंडळाकडून मला पत्र येतं. काही दुरुस्ती असल्यास कळवावी. लाज वाटते, आणि लाज वाटत असतानाच मी उत्तर लिहिते की काही नाही.